गोष्ट संपल्यानंतर मुलांना काय विचारावे?



मुलाने गोष्टीचे पुस्तक वाचून खाली ठेवले, की घरातल्या किंवा शाळेतल्या वडीलधाऱ्या माणसाने त्याच्याशी काय बोलावे, एवढाच आजचा विषय आहे. वरवर पाहता तो अगदी छोटा वाटतो. परंतु मूल पुढे आयुष्यभर वाचणार की शालान्त परीक्षेनंतर पुस्तकाला रामराम ठोकणार, हे पुष्कळदा या छोट्या प्रसंगावर ठरत असते.

बहुतेक घरांतून आणि वर्गांतून या वेळी एकच प्रश्न विचारला जातो : ‘या गोष्टीतून तू काय बोध घेतलास?’ प्रश्न चांगल्या हेतूने विचारलेला असतो, यात शंका नाही. मात्र त्याची गंमत अशी की, पुस्तक न वाचताही त्याचे उत्तर देता येते. नेहमी खरे बोलावे, लोभ करू नये, आईवडिलांची आज्ञा पाळावी, एकीचे बळ मोठे असते. ही चार-पाच वाक्ये पाठ असली की कोणत्याही गोष्टीचे काम भागते. मूल चतुर असते. समोरच्याला काय ऐकायचे आहे, हे त्याने केव्हाच ओळखलेले असते. ते हवे ते वाक्य म्हणते, शाबासकी घेते आणि खेळायला पळते. गोष्ट वाचताना त्याच्या मनात जे काही उठले, ज्या पानाशी ते थबकले, ज्या पात्राचा त्याला राग आला, ते सारे मात्र मनातच राहते. कोणी विचारतच नाही, म्हणून काही दिवसांनी ते तसे काही वाटून घेणेही सोडून देते.

पैठणचा राजा आणि वेताळ

गोष्टीनंतर मुलांचे मत विचारावे, असे कोणी म्हटले की ही पाश्चात्त्य शिक्षणशास्त्रातून आलेली टूम असावी, असा अनेकांचा समज होतो. वास्तविक या विचाराचे मूळ शोधायला छत्रपती संभाजीनगरहून फार दूर जावे लागत नाही. जिल्ह्याच्या सीमेबाहेरही जावे लागत नाही.

विक्रम आणि वेताळ यांच्या गोष्टी ठाऊक नाहीत असा मराठी माणूस विरळा. ‘चांदोबा’ मासिकाने तर दोन-तीन पिढ्यांना त्या महिन्यामागून महिने पुरवल्या. पण हा राजा कुठला, हे फार थोड्यांना माहीत असते. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने रचलेल्या ‘कथासरित्सागर’ या ग्रंथात त्याचे नाव त्रिविक्रमसेन असे आहे आणि त्याची नगरी आहे गोदावरीच्या काठचे प्रतिष्ठान. म्हणजे आपले पैठण. स्मशानातल्या शिसवीच्या झाडावरून प्रेत खांद्यावर घेऊन चालणारा तो राजा या मातीतला आहे.

आता त्या गोष्टींची रचना पाहा. वेताळ गोष्ट सांगतो आणि ती संपते तेव्हा तात्पर्य सांगत नाही, प्रश्न विचारतो. शिवाय असा प्रश्न, की ज्याला एकाहून अधिक उत्तरे संभवतात. एका कन्येवर तीन तरुणांचे प्रेम असते आणि ती अकाली मरण पावते. एक जण तिच्या चितेच्या भस्मावरच अंथरूण करून राहतो, दुसरा तिच्या अस्थी गंगेवर नेतो, तिसरा देशोदेशी भटकून मृताला जिवंत करण्याचा मंत्र मिळवतो. ती पुन्हा जिवंत होते. मग ती पत्नी कोणाची? राजा म्हणतो, ज्याने जीव दिला तो पित्यासारखा झाला, ज्याने अस्थी नेल्या त्याने पुत्राचे कर्तव्य केले, आणि जो तिच्या भस्माला सोडून गेला नाही तोच तिचा खरा पती. हे नुसते उत्तर नाही. त्यात कारणे आहेत, तुलना आहे, निवड आहे. मत म्हणतात ते याला.

वेताळाची अटही ध्यानात घेण्यासारखी आहे. उत्तर माहीत असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकले होतील. म्हणजे मत असूनही ते न सांगणे हा त्या कथाविश्वात मोठा अपराध ठरतो. आणि सर्वांत सुंदर भाग शेवटी येतो. अखेरच्या कोड्याला राजापाशी खरोखरच उत्तर नसते. तो मुकाट्याने चालत राहतो आणि वेताळ त्याच्यावर प्रसन्न होतो. ‘मला ठाऊक नाही’ हे प्रामाणिक मौनही त्याला मान्य आहे. आपल्या वर्गांतून मात्र नेमके उलटे घडते. मत असलेल्या मुलाला गप्प बसवले जाते आणि ज्याला काही कळलेले नाही, त्याला काहीतरी बोलायला भाग पाडले जाते.

ग्रंथ कोणी नाकारला, कोणी वाचवला?

याच नगरीची दुसरी कथाही सोमदेवाने नोंदवून ठेवली आहे. सातवाहन राजाच्या दरबारातील गुणाढ्य नावाच्या पंडिताने एका पैजेत हरल्यामुळे संस्कृत, प्राकृत आणि देशी भाषा यांचा त्याग केला होता. त्याने सात लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ पैशाची भाषेत रचली आणि अरण्यात शाई नव्हती म्हणून स्वतःच्या रक्ताने लिहिली. दोन शिष्यांनी ती राजाकडे नेली. राजाने ती वाचली का? नाही. भाषा पैशाची, लिखाण रक्ताचे, एवढे पाहूनच त्याने ग्रंथ परत पाठवला.

खचलेला गुणाढ्य टेकडीवर अग्नी पेटवून बसला. एकेक पान वाचायचे आणि आगीत टाकायचे. भोवती अरण्यातले पशुपक्षी जमले. चरणे विसरून, डोळ्यांत पाणी आणून ते ऐकत राहिले. इकडे राजाच्या मुदपाकखान्यात येणारे मांस सुकलेले निघू लागले, म्हणून चौकशी झाली आणि राजा धावत अरण्यात आला. तोवर सहा लक्ष श्लोकांची राख झाली होती. उरला एक लक्षाचा भाग, नरवाहनदत्ताच्या कथेचा. तो का उरला? कारण तो दोन शिष्यांना विशेष आवडत होता आणि त्यांच्यासाठी गुणाढ्याने तो बाजूला ठेवला होता.

ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. परंतु दंतकथा एखाद्या समाजाच्या मनातले शहाणपण सांगून जातात. भारतीय कथावाङ्मयाचा जो प्रवाह ‘बृहत्कथे’तून निघाला असे मानतात, तो या कथेनुसार राजाच्या पारखीमुळे टिकलेला नाही. ज्यांचे मत कोणी विचारले नव्हते, अशा शिकाऊ श्रोत्यांच्या आवडीमुळे तो टिकला. मुलांच्या मताला किंमत काय, असे विचारणाऱ्याला यापेक्षा चांगले उत्तर कोणते द्यावे?

मराठी बालसाहित्यातील शेवटचा माणूस

मराठीत मुलांसाठी लिहिण्याची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ मध्ये ‘बालबोध’ सुरू केले. वा. गो. आपट्यांचे ‘आनंद’ १९०६ चे. साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली आणि ती १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आला. १९५१ मध्ये ‘बालमित्र’ काढणाऱ्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे सायकलवरून आला. ‘बालभारती’ने १९७१ मध्ये ‘किशोर’ सुरू केले. त्याचे जुने अंक आज कोणालाही विनामूल्य वाचता येतात. अलीकडच्या काळात माधुरी पुरंदरे यांनी ‘राधाचं घर’सारख्या चित्रपुस्तकांतून अगदी लहानग्यांचे जग त्यांच्याच नजरेने उभे केले. २०२५ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मराठवाड्यातल्याच नांदेडच्या डॉ. सुरेश सावंत यांच्या ‘आभाळमाया’ला मिळाला, ही आपल्या भागाला अभिमान वाटावी अशी गोष्ट.

एवढे असूनही या व्यवहारात मूल नेहमी शेवटी येते. पुस्तक लिहितो मोठा माणूस, छापतो मोठा माणूस. शाळेच्या ग्रंथालयासाठी निवडतो मोठा माणूस, विकत घेतो मोठा माणूस, परीक्षण लिहितो मोठा माणूस, पुरस्कार देणारेही मोठेच. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालतो, त्याला या साखळीत कोणतेही स्थान नाही. मोठ्यांच्या कादंबरीबाबत वाचकाला वगळून असा व्यवहार कोणी केला असता, तर तो हास्यास्पद ठरला असता.

मुलाच्या मताने काय होऊ शकते, याचे एक उदाहरण इंग्लंडमधले आहे. १९३६ मध्ये स्टॅन्ली अन्विन या प्रकाशकाकडे एका प्राध्यापकाने मुलांसाठी लिहिलेली हस्तलिखित कथा आली. अन्विन यांचे मत असे की, मुलांच्या पुस्तकाचा योग्य परीक्षक मूलच. त्यांनी ती आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला वाचायला दिली आणि लेखी अभिप्राय मागितला. त्या कामाचे रीतसर मानधनही दिले, एक शिलिंग. मुलाने कथानक आपल्या शब्दांत मांडले, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना ते आवडेल असे लिहून दिले आणि १९३७ मध्ये पुस्तक निघाले. ते जे. आर. आर. टोल्किन यांचे ‘द हॉबिट’. विसाव्या शतकातल्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या पुस्तकांत त्याची गणना होते. त्या दहा वर्षांच्या परीक्षकाच्या लेखनात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. वडिलांनी त्यापायी अभिप्राय परत केला नाही.

अभिप्राय मागितले, पण कसे?

महाराष्ट्रात या दिशेने काहीच झाले नाही, असे म्हणता येणार नाही. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, हा २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. अलीकडे शालेय शिक्षण विभागाने ‘महावाचन उत्सव’ हाती घेतला. २०२४ च्या उत्सवात तिसरी ते बारावीच्या विद्यार्थ्यांनी आवडीचे पुस्तक वाचावे, त्याविषयी थोडक्यात लिहावे आणि जमल्यास मिनिटभराच्या चित्रफितीतून किंवा ध्वनिफितीतून बोलावे, अशी कल्पना होती. लाखो मुलांना शासनाने ‘तुला काय वाटले?’ असे विचारावे, ही स्वागतार्ह घटना आहे.

अडचण पुढे येते. उपक्रम वरून खाली येतो, त्याला अंतिम तारीख असते, शाळेला आकडा कळवायचा असतो. मग फळ्यावर एक नमुना अभिप्राय लिहिला जातो आणि चाळीस मुले तो उतरवून घेतात. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, ‘हे पुस्तक मला खूप आवडले’, ‘यातून चांगला बोध मिळतो’, ‘सर्वांनी हे पुस्तक जरूर वाचावे’. पाच वाक्यांत काम फत्ते. अशा अभिप्रायात पुस्तकाचे नाव बदलले तरी एक अक्षरही बदलावे लागत नाही. घोकंपट्टीला आपण परीक्षेत नावे ठेवतो आणि गोष्टीच्या पुस्तकातही तीच शिकवतो. त्यापेक्षा, ‘मला मधली दहा पाने कंटाळवाणी वाटली’, असे एका मुलाने धीटपणे लिहिले तर ते वाक्य चाळीस नमुना अभिप्रायांहून मोलाचे आहे. कारण ते लिहिण्यासाठी पुस्तक खरोखर वाचावे लागते.

येथे एका मूलभूत प्रश्नाकडे डोळेझाक करून चालणार नाही. मत बनवण्याआधी वाचता यावे लागते. देशाच्या ग्रामीण भागातील ‘असर’ पाहणीच्या २०२२ च्या अहवालानुसार, पाचवीतल्या मुलांपैकी ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. २०१८ मध्ये हे प्रमाण ५०.५ टक्के होते. मधल्या काळात कोरोनाने शाळा बंद राहिल्या, हे त्याचे मोठे कारण. ज्यांना अक्षर अडते, अशांना गोष्ट वाचून दाखवावी आणि मत विचारावे. ऐकलेल्या गोष्टीवरही मत असते. त्रिविक्रमसेनाने तरी कुठे पुस्तक वाचले होते? शिवाय आपल्या मताला कोणी कान देतो आहे, हे कळले की पुढची गोष्ट स्वतः वाचण्याची ओढही लागते.

संस्कारांचे काय?

या टप्प्यावर अनेक पालकांच्या मनात एक रास्त शंका येते. मुलांना असे मोकाट बोलू दिले तर संस्कारांचे काय? ‘श्यामची आई’ वाचून उद्या मूल म्हणेल, आई चुकली. मग काय करायचे?

ही शंका थट्टेवारी नेण्याजोगी नाही. उदाहरणच घेऊ. श्याम विहिरीत उतरायला घाबरतो, लपून बसतो आणि आई त्याला शिंपटीने मारून पोहायला पाठवते, हा प्रसंग सर्वांना आठवत असेल. सहावीतल्या एखाद्या मुलीने विचारले, ‘घाबरलेल्या मुलाला मारायचे कशाला? समजावता आले नसते का?’ तर त्या क्षणी दोन मार्ग असतात. एक म्हणजे, ‘मोठ्यांच्या चुका काढू नयेत’ असे सांगून तिला खाली बसवणे. ती बसेल, आणि साने गुरुजी तिच्या लेखी मोठ्यांच्या बाजूचे एक लेखक होऊन बसतील. दुसरा मार्ग म्हणजे वर्गाला विचारणे, ‘तुम्हाला काय वाटते? आईच्या मनात त्या वेळी काय असेल?’ मग कोणीतरी म्हणेल, मुलाला लोक भित्रा म्हणतील याचे तिला दुःख होते. कोणी म्हणेल, मारून झाल्यावर तिलाही वाईट वाटले होते. कोणी पुस्तक उघडून ते पान पुन्हा वाचेल. त्या पुनर्वाचनातच संस्कार घडतो. त्या मुलीचे मत शेवटी बदलेल किंवा बदलणार नाही, पण श्यामची आई तिच्यासाठी तसबिरीतून खाली उतरून हाडामांसाची आई झालेली असेल.

आपल्या परंपरेला प्रश्नकर्त्या मुलाची भीती कधीच वाटलेली नाही. कठोपनिषदाचा आरंभच एका मुलाच्या मतातून होतो. पिता यज्ञात म्हाताऱ्या, दूध आटलेल्या गाई दान देतो आहे, हे नचिकेत्याला खटकते आणि तो बापाला विचारतो, मला कोणाला देणार? बाप चिडतो. पण उपनिषदाने बाजू घेतली ती मुलाची. पुढे साक्षात यमाने त्याला ज्ञान दिले. पंचतंत्रातल्या गोष्टी तर पुढे सरकतात त्याच, कोणीतरी ‘ते कसे?’ म्हणून विचारतो तेव्हा. भगवद्गीतेच्या अखेरीस सारे सांगून झाल्यावर भगवान अर्जुनाला म्हणतात की, यावर पूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल ते कर. प्रत्यक्ष भगवंताने श्रोत्याला विचाराचे स्वातंत्र्य दिले, तर पाचवीच्या वर्गात आपण ते हातचे का राखावे? विचार करून स्वीकारलेले मूल्य माणसाबरोबर राहते, आणि भीतीने म्हटलेले मूल्य भीती संपली की गळून पडते.

मत मागण्याची रीत

मग प्रत्यक्षात करायचे काय? इंग्लंडमधील लेखक आणि शिक्षक एडन चेंबर्स यांनी १९९३ मध्ये या विषयावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांची सूचना साधी आहे. मुलाला ‘का?’ असे दरडावून विचारू नये, त्याने मूल बचावाच्या पवित्र्यात जाते. त्याऐवजी ‘सांग बरं’ म्हणून सुरुवात करावी आणि चार गोष्टी विचाराव्यात. काय आवडले? काय आवडले नाही? काय कळले नाही, कोड्यासारखे वाटले? आणि काही पुन्हा पुन्हा येते आहे, कशाची कशाशी जुळणी होते आहे, असे जाणवले का? यांतला दुसरा आणि तिसरा प्रश्न आपल्याकडे जवळजवळ विचारलाच जात नाही. खरी चर्चा पेटते ती तेथेच.

ऐकण्याची रीत शिकायची तर जपानी लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ वाचावे. ते मराठीतही आले आहे. रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या त्या शाळेचे मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी त्या चिमुरडीचे बोलणे चार तास ऐकतात. मधे जांभई देत नाहीत, घड्याळ पाहत नाहीत. आधीच्या शाळेने काढून टाकलेली ती मुलगी त्या चार तासांत आपली होते. चार तास कोणाकडे नसतील, पण चार मिनिटे कोणत्याही घरात निघू शकतात. फ्रेंच लेखक दानिएल पेनाक यांनी १९९२ मध्ये वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यांत न वाचण्याचा, पाने गाळण्याचा, पुस्तक अर्धवट सोडण्याचा हक्क आहे आणि शेवटी गप्प राहण्याचाही हक्क आहे. प्रत्येक पुस्तकावर बोललेच पाहिजे, अशी सक्ती झाली की तोही एक गृहपाठच होतो.

शाळेत, वाचनालयात किंवा सोसायटीच्या गच्चीवर आठवड्यातून एकदा पाऊण तास एवढे करता येईल. दहा-बारा मुले गोल बसतात. प्रत्येकाच्या हातात आपण वाचलेले पुस्तक असते. ज्याला बोलायचे तो बोलतो. गुण नाहीत, क्रमांक नाहीत, व्यासपीठ नाही, पाहुणे नाहीत. ‘आवडले नाही’ म्हणायला मोकळीक, मात्र कशामुळे ते पुस्तकातले पान दाखवून सांगायचे. दुसऱ्याचे मत पटले नाही तर त्याच्या मताशी भांडायचे, त्याच्याशी नाही. मोठ्या माणसाने सर्वांत शेवटी बोलायचे आणि थोडेच बोलायचे. एक वही ठेवायची, तिच्यात मुलांनी स्वतःच्या अक्षरात दोन ओळी लिहायच्या. पुढच्या वर्षी ग्रंथालयासाठी पुस्तके घेताना शिक्षकांनी ती वही उघडायची. आपल्या लिहिण्यावरून खरोखर पुस्तके आली, हे मुलांना एकदा दिसले की पुन्हा वाचनाचा प्रचार करावा लागणार नाही.

बोलीला दरवाजा उघडा हवा

या शहराच्या संदर्भात एक मुद्दा आग्रहाने मांडणे आवश्यक आहे. निजामी राजवटीत येथे मराठी शाळा आणि मराठी वाचनालय चालवणे, हीच एक चळवळ होती. १९१५ मध्ये सुरू झालेली सरस्वती भुवन शिक्षण संस्था, औरंगपुऱ्यातले बळवंत वाचनालय ही त्या निष्ठेची स्मारके आहेत. आज मराठीवर कोणाची बंदी नाही. तरीही इंग्रजी माध्यमात जाणारे मूल मराठी गोष्टीवर बोलताना अडखळते, आणि गावाकडून आलेले मूल ‘आपले बोलणे शुद्ध नाही’ म्हणून तोंड मिटून बसते. कोणाच्या घरी बंजारा बोली असते, कोणाच्या घरी दखनी उर्दू, कोणाच्या घरी ठसठशीत मराठवाडी. गोष्टीवर मत सांगताना त्यांच्या तोंडी घरचीच भाषा येणार. तेथे शब्दाशब्दाला अडवून उच्चार दुरुस्त करणारा शिक्षक नकळत सातवाहन राजाचीच चूक करत असतो. भाषा पैशाची आहे, एवढे पाहून तो ग्रंथ परत पाठवतो. प्रमाण भाषा शिकवावीच, पण तिचा तास वेगळा असावा. मत ऐकण्याच्या वेळी फक्त मत ऐकावे.

आशेला जागा आहे. २०२१ च्या प्रारंभी, कोरोनाने शाळा बंद असताना, याच शहरातल्या बायजीपुरा भागात एका शाळकरी मुलीच्या पुढाकाराने मुलांसाठी मोहल्ला वाचनालय उघडले आणि पुढे ती कल्पना इतर वस्त्यांतही पसरली. पुस्तक मुलाच्या घरापासून चार पावलांवर असावे, हे एका मुलीला उमगले होते. साताऱ्यातील भिलारला २०१७ मध्ये ‘पुस्तकांचे गाव’ साकारले. त्या योजनेच्या विस्तारात आपल्या वेरूळचीही निवड झाली. म्हणजे पुस्तके येत आहेत, जागा होत आहेत. त्या जागांतून मुलांचा आवाज ऐकू आला पाहिजे. २०२३ मध्ये या शहराने ज्या छत्रपतींचे नाव अधिकृतपणे धारण केले, त्यांनी ऐन तारुण्यात संस्कृतमध्ये ‘बुधभूषण’ हा ग्रंथ रचला होता, हेही या शहरातल्या मुलांना कळले पाहिजे. तलवार चालवणारा तो राजपुत्र लिहीतही होता, आणि लिहिणारा आधी वाचणारा असतो.

श्रोतेहो, यासाठी निधी लागत नाही, ठराव लागत नाही, कोणाची परवानगी लागत नाही. आज रात्री घरातल्या मुलाशेजारी बसावे, ते वाचत असलेले पुस्तक हाती घ्यावे आणि म्हणावे, ‘सांग बरं, यातले तुला काय आवडले नाही?’ मूल आधी चमकून पाहील. ही परीक्षा तर नाही ना, याचा अंदाज घेईल. थोडी वाट पाहावी लागेल. मग ते बोलू लागेल तेव्हा मधे बोध सांगू नये, एवढेच पथ्य.